दुसरा कपॅसिटर

मिलिंद,

काल दुपारी तुझ्या घरी गेलो आणि वहिनींना सगळं सांगून टाकलं. सांगायचं नाही म्हणून तू दोनदा बजावलं होतंस. एकदा पुण्यातल्या दवाखान्यात कॉटवरून, आणि एकदा गेल्या वर्षी जयसिंगपूरच्या स्टँडवर. तरी सांगितलं. तू असतास तर आधी माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला असतास, मग दोन दिवस फोन उचलला नसतास, आणि तिसऱ्या दिवशी काही घडलंच नाही अशा आवाजात "कुठं हाईस रं?" म्हणून विचारलं असतंस. तुला जाऊन आज सतरा दिवस झाले. त्या फोनची वाट बघायची सवय अजून गेलेली नाही.

शाहूपुरीत तुझ्या जुन्या दुकानाच्या कोपऱ्यावर फ्लेक्स लागलाय. तुझा फोटो, आणि खाली 'मनमिळाऊ व हसतमुख व्यक्तिमत्त्व'. मी गाडी थांबवून वाचलं आणि भर रस्त्यात एकटाच हसलो. जळालेली मोटर घेऊन दुकानात आलेल्या माणसाला तू पहिलं वाक्य काय ऐकवायचास? "पाण्याबिगर चालवलीसा न्हवं? मग आता रडतायसा कशाला?" तो माणूस बिचारा मोटर उचलून परत निघायचा, तेव्हा मागून ओरडायचास, "ठिवा हितंच, उद्या न्या." मोटर मात्र, जळकी तार काढून नवी घालून, अशी भरून द्यायचास की तोच माणूस पुढच्या वेळी गावातल्या आणखी दोघांना घेऊन यायचा. हसतमुख म्हणे. फ्लेक्स करणाऱ्यानं तुला कधी पाहिलेलं नसणार.

तुला आठवतं का, मी पहिल्यांदा तो रोबोट घेऊन तुझ्याकडं आलो तो दिवस? पेठ वडगावच्या शाळेत आपण सहा वर्षं एका बाकावर बसलो. नंतर तू आयटीआयला गेलास, मी इंजिनिअरिंगला. तू मोटर भरायचं दुकान टाकलंस आणि मी वडगाव रस्त्यावरच्या कॉलेजात पोरांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवायला लागलो, तेही दरवर्षी नव्यानं करार करून. त्या वर्षी माझ्या विद्यार्थ्यांनी डोक्यात घेतलं होतं की फुटबॉल खेळणारे छोटे रोबोट बनवायचे. भाताच्या पातेल्याएवढा एकेक, खाली चार चाकं, पुढच्या बाजूला बॉलला लाथ मारणारा किकर. बॉल म्हणजे गोल्फचा केशरी चेंडू. वर टांगलेला कॅमेरा मैदान बघणार आणि कॉम्प्युटर एकेका रोबोटला कुठं जायचं ते कळवणार. हे मी प्राचार्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, सर्टिफिकेट मिळतं का. बायकोनं विचारलं, उपयोग काय. तू हातातली पक्कड खाली ठेवलीस आणि विचारलंस, "किक किती बसती?"

तालमीच्या फुटबॉल संघाकडून नऊ वर्षं बॅकला खेळलेला माणूस दुसरं काय विचारणार म्हणा. गुडघा गेला नसता तर तू मोटरी भरल्याच नसत्यास असं तू स्वतःच सांगायचास. मी किकर दाखवला. तांब्याच्या तारेची कॉइल, तिच्या पोकळीत लोखंडी दांडी. कपॅसिटरमध्ये वीज साठवायची आणि एका झटक्यात कॉइलमध्ये सोडायची, की दांडी उसळते आणि चेंडूला बसते. निदान बसायला हवी होती. कॉइल मी तयार मागवलेली, दांडी मी आखलेली. बटण दाबलं तर दांडी कॉइलच्या मधोमध जाऊन ठप्प. चेंडू होता तिथं.

तू इतका हसलास की शेजारचा सायकलवाला बघायला आला. मग म्हणालास, "मास्तर, सगळी दांडी लोखंडाची केलीस व्हय? कॉइल तिला मधी वढून धरणारच की. म्होरचा अर्धा भाग पितळंचा कर. लोखंड वढून घ्यायला, पितळ भाईर मारायला." माझ्याकडं त्या विषयातल्या दोन पदव्यांची भेंडोळी होती. मी उद्यमनगरातल्या लेथवर जाऊन अर्धं लोखंड आणि अर्धं पितळ अशी दांडी कातून आणली. तोपर्यंत तू माझी तयार कॉइल सगळी उलगडून टाकली होतीस. "हे नुस्तं गुंडाळलंय," म्हणालास. "भरलेलं न्हाय."

तू ती कॉइल भरत होतास तेव्हा मी समोरच्या स्टुलावर बसून होतो. बोलायची बंदी होती, कारण तू ओठातल्या ओठात वेढे मोजत होतास. डाव्या हातानं हँडल, उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि पहिल्या बोटात तार. डोळे मिटलेले. तार किती ताणायची हे तुझी ती दोन बोटं ठरवत होती. जास्त ताणली तर वरचं आवरण जातं, कमी ताणली तर थर फुगतो. प्रत्येक थरावर कागद, मग पुढचा थर. जुन्या कपाटात बल्ब लावून तू जी भट्टी केली होतीस तिच्यात वार्निश सुकवायला दोन दिवस ठेवलंस. तिसऱ्या दिवशी दुकानातच किक मारून बघितली. चेंडू शटरवर असा आदळला की आख्ख्या बोळातली माणसं गोळा झाली, आणि तू दोन्ही हात वर करून गोल झाल्यासारखा ओरडलास. तेवढं हसतमुख मी तुला त्याआधी आणि त्यानंतर कधी पाहिलं नाही.

बल्बची पद्धत तूच घातलीस. रोबोट बंद केला तरी कपॅसिटरमध्ये वीज भरलेली राहते, आणि ती माणसाला फेकून द्यायला पुरेशी असते. पुस्तकात त्यासाठी वेगळी सर्किटं आहेत. तू मोटरवाल्यांची रीत आणलीस. होल्डरात शंभरचा बल्ब आणि दोन वायरी. वायरी कपॅसिटरच्या टोकांना लावायच्या, बल्ब भपकन पेटतो आणि हळूहळू विझतो. पूर्ण विझला की ज्यानं बल्ब लावला त्यानं मोठ्यानं म्हणायचं, "रिकामा." मग शेजारच्या दुसऱ्या माणसानं स्वतः बघून म्हणायचं, "रिकामा." दोघांनी म्हटल्याशिवाय हात आत जाणार नाही. एकदा मीच घाईत दुसऱ्याची वाट न बघता हात घालायला गेलो तर तू माझ्या मनगटावर पक्कडच मारली होतीस. पोरांसमोर. आठवडाभर निळं होतं.

आणि मग आपलं भांडण सुरू झालं. पहिल्या वर्षी आपण सगळ्या मॅचेस हरलो. मला वाटलं किक कमी पडते. मी म्हटलं, कपॅसिटर वाढवू. वाटलं तू उडी मारशील, पहिला प्रश्नच तुझा किकबद्दल होता. तर तू उलटा. "माज्या कॉइलचा जीव तेवढाच हाय. त्येच्यावर गेलास तर आतनं जळंल." मी म्हटलं, जळली तर दुसरी भर. तू म्हणालास, "दणका मारणारं लई बघितलंत मी. मॅच पास देणारा जिंकतो. तुज्या पोरांस्नी पास शिकीव." सहा महिने हेच. दुकानात, फोनवर, माझ्या घरी पांढऱ्या रश्श्याची वाटी समोर ठेवून. मजा बघ, आयुष्यभर मैदानावर दणके मारलेला तू जपून खेळा म्हणत होतास, आणि कधी चेंडूला पाय न लावलेला मी दणका मागत होतो. शेवटी मी शब्द दिला. कपॅसिटर वाढवणार नाही.

दुसऱ्या वर्षी पुण्यातल्या एका कॉलेजात स्पर्धा होती. तू दुकान बंद ठेवून आमच्याबरोबर आलास. सकाळची मॅच आपण हरलो, समोरच्यांचा गोलकीपर आपला प्रत्येक चेंडू अडवत होता. तू पोरांना घेऊन जेवायला गेलास. मी म्हटलं, मला भूक नाही.

मी बॅगेतून दुसरा कपॅसिटर काढला. वडगावातल्या घरून निघतानाच घेतला होता. म्हणजे शब्द मी पुण्यात मोडला नाही, वडगावातच मोडला होता. बॅटरीच्या मागं जागा होती तिथं तो बसवला, घाईघाईनं सोल्डरचे डाग दिले, वर टेप मारली. मध्ये डायोड घातला, म्हणजे एकाची वीज दुसऱ्यात परत येणार नाही. याचा दुसरा अर्थ असा की पुढच्या कपॅसिटरला बल्ब लावला तर पुढचाच रिकामा होणार. मागचा भरलेलाच राहणार. हे मला त्या क्षणी माहीत होतं. मॅच झाली की मागचा मी स्वतः रिकामा करीन, मग तुला सांगीन, जिंकलो असलो तर तू शिव्या देशील पण हसशील, असा सगळा हिशेब मी केला होता.

दुपारच्या मॅचमध्ये पहिलीच किक बसली आणि चेंडू गोलच्या मागच्या फळीवर फटाका फुटावा तसा वाजला. पोरं नाचायला लागली. तू चेंडूकडं बघितलंच नाहीस, माझ्याकडं बघितलंस. जवळ येऊन म्हणालास, "विज्या, ह्यो आवाज माज्या कॉइलचा न्हाय." मी म्हटलं, "आज बॅटरी फुल आहे." तुझ्याशी मी खोटं बोललो असा तो पहिलाच प्रसंग नव्हता, पण बाकीचे सगळे विसरण्यासारखे होते.

मग एक चाक अडकलं. पंचांनी दोन मिनिटं दिली. पोरं पलीकडं कॉम्प्युटरपाशी होती; तू रोबोट उचलून कोपऱ्यातल्या टेबलावर आणलास, उलटा केलास. एवढ्या घाईतसुद्धा तू बल्ब काढलास. वायरी लावल्या, बल्ब पेटला, विझला. तू म्हणालास, "रिकामा." माझं लक्ष पंचांच्या हातातल्या घड्याळाकडं होतं. आणि मी म्हणालो, "रिकामा."

मिलिंद, मी विसरलो नव्हतो रे. लोक अशा वेळी म्हणतात, माझ्या डोक्यातून निघूनच गेलं. माझ्या डोक्यातून गेलं नव्हतं. तोंडाला सवय झाली होती, तू म्हणालास की मी म्हणायचं. तोंडानं शब्द म्हटला आणि डोक्यानं त्याला अडवलं नाही. तू अडकलेल्या चाकासाठी बॅटरीमागं अंगठा आणि बोट घातलंस. टेप नीट बसलेली नव्हती.

तो आवाज मला लिहिता येत नाही. खुर्चीसकट तू मागं पडलास. भाजल्याचा वास आला. शुद्धीवर होतास. पडल्यापडल्या तू आधी आपल्या हाताकडं बघितलंस, मग उलट्या पडलेल्या रोबोटकडं, आणि मग माझ्याकडं. तुला तिथंच सगळं कळलं होतं. एवढी वर्षं जळालेल्या मोटरी उघडून कशानं जळाली ते सांगणारा माणूस तू, तुला कळायला कितीसा वेळ लागणार?

दवाखान्यात पोरं औषधं आणायला गेली तेव्हा तू जवळ बोलावलंस. मला वाटलं थोबाडीत मारशील. तू म्हणालास, "जा, आधी ते मागलं काढून टाक. कुणी बघायच्या आत." मी रडायला लागलो. तू वैतागलास. "रडतंय काय बाईगत? ह्या म्हैन्यात तुजी पर्मनंटची आर्डर निघायची हाय न्हवं? मग? माजं दुकान माजंच हाय, मला कोण काढतंय? हात काय, म्हैन्यात येतोय ताळ्यावर. मी म्हणतो मी बल्ब लावाय इसरलो. संपलं."

मी गेलो आणि काढून टाकला. मग कॉलेजला अहवाल द्यायचा होता. तो माझ्या अक्षरात आहे. 'बाहेरून आलेल्या कारागिरानं कपॅसिटर रिकामा न करता हात घातल्यामुळे अपघात झाला.' एवढं एकच वाक्य. कुणी एक प्रश्न विचारला नाही. कुणाला ते विचित्र वाटलं नाही. असं काही झालं की बोट आधी कुणाकडं जातं हे तुला शाळेपासून माहीत होतं. प्रयोगशाळेतली बरणी फुटली तेव्हा सरांनी आधी तुमच्या वस्तीतल्या पोरांनाच उभं केलं होतं, आणि फोडणारा तिसऱ्या बाकावर आरामात बसला होता. मला हे कधी माहीत करून घ्यावं लागलं नाही. पण त्या दिवशी त्याचा फायदा मी घेतला. वाक्य लिहिताना मला आतून ठाऊक होतं की हे खपणार.

ऑर्डर निघाली. तू पेढे घेऊन घरी आलास. पुडा डाव्या हातात होता.

हात ताळ्यावर आला नाही. जखम भरली, पण अंगठ्यातली आणि पहिल्या बोटातली जाणीव गेली ती गेलीच. बाकी कुठल्या धंद्यात तेवढ्यानं भागलं असतं. तुझ्या धंद्यात त्या दोन बोटांखेरीज होतंच काय? वर्षभर तू झगडलास. तार डाव्या हातात धरून बघितलीस, बोटाला चामडं बांधून बघितलंस. तुझ्या दुकानातून गेलेल्या मोटरी पहिल्यांदाच जळून परत यायला लागल्या. मग एक दिवस तू शटर ओढलंस आणि जयसिंगपूरच्या एका गोदामात गेटवर बसायला लागलास. आलेल्या-गेलेल्या गाड्यांचे नंबर डाव्या हातानं लिहायचे. रोज एसटीनं जाणं-येणं. पोरांना मी तुझ्याबद्दल वर्गात सांगत राहिलो, बघा, बल्ब लावायला विसरलं की काय होतं. हो, हेही केलंय मी. सुरक्षिततेच्या तासाला दरवर्षी.

गेल्या वर्षी मी तुला भेटायला जयसिंगपूरला आलो. स्टँडवर चहा घेतला. मी म्हटलं, आता मला राहवत नाही, मी प्राचार्यांना सांगतो. तू कप आपटलास. "आता सांगून काय उपेग? माजी बोटं येणार हाईत का? एक घर बसलंय, दुसरं कशाला बसवतोस?" मी म्हटलं, निदान वहिनींना तरी सांगू दे. तू म्हणालास, "तिला तर अजाबात न्हाय. तिला कळलं तर तुला दारात उभा करणार न्हाय. आन् तू यायचा बंद झालास तर मी भांडू कुणासंगं?"

मी गाडीत बसलो तेव्हा मला हलकं वाटत होतं. हे आज कबूल करतो. मित्रानं शपथ घातली म्हणून मी गप्प आहे असं मी स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे तू नाही म्हणावंस म्हणूनच मी विचारायला आलो होतो. खरंच सांगायचं असतं तर मला तुझी परवानगी कशाला लागली असती?

आणि सतरा दिवसांपूर्वी सकाळी, जयसिंगपूरच्या गाडीची वाट बघताना, तू स्टँडवर खाली बसलास तो उठलाच नाहीस. हृदय बंद पडलं म्हणाले. मी डॉक्टरांना तीनदा विचारलं, त्या जुन्या शॉकशी याचा काही संबंध? तिसऱ्यांदा ते चिडले. म्हणाले, वीज दोन बोटांमधून गेली होती, छातीतून नाही, काही संबंध नाही. मला त्यांचं म्हणणं पटतं. शास्त्र मलाही कळतं. त्यानं झोप येत नाही एवढंच.

जलदान विधीला मांडवात मी मागं बसलो होतो. वंदना झाली, लोक दोन दोन शब्द बोलले. मलाही उभं केलं. मी म्हणालो, "असा कारागीर कोल्हापुरात नाही." आणि बसलो. शेजारी तुमच्या नात्यातले एक म्हातारे होते. ते माझ्या कानाशी हळूच म्हणाले, "कारागीर हुता, पर येंधळा. बल्ब न लावता हात घातला, तितनंच त्येची घडी बिघडली." मी मान डोलावली. मिलिंद, तुझ्या फोटोसमोर बसून मी होकारार्थी मान डोलावली. घरी आलो आणि ठरवलं, आता बास.

म्हणून काल गेलो. वहिनी एकट्याच होत्या, तुझे कपडे घड्या घालून पिशवीत भरत होत्या. मला बघून म्हणाल्या, "या भाऊजी. ह्यातला एखादा सदरा नेतासा का? तुमास्नी बसंल." मी भिंतीला टेकून खाली बसलो आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगितलं. बॅगेतला कपॅसिटर, बॅटरी फुल आहे म्हणालो ते, दुसरा 'रिकामा', दवाखाना, अहवाल. मध्ये त्यांनी एकदाही थांबवलं नाही. हातातला सदरा तसाच अर्धा घडी केलेला होता. माझं झाल्यावर त्यांनी एकच विचारलं.

"म्हंजे बल्ब लावला हुता त्यांनी?"

"हो वहिनी. लावला होता. नेहमीसारखा."

मला वाटलं त्या ओरडतील. शिव्या देतील, भांडं फेकतील, मी त्या सगळ्याची तयारी करून गेलो होतो. आलो होतो तोच मुळी शिव्या खायला. त्या खाली बघत बोलायला लागल्या, माझ्याशी नाही, सदऱ्याशी.

"तीन वरसं मी बोलतोय की ह्यांस्नी. जेवाय बसलं की बोटातनं घास सांडायचा. मी म्हणायचो, तवा एवढासा बल्ब लावला असतासा तर ही येळ आली असती का? खाली मान घालून जेवायचे. दुकान बंद केलं तवा बोललो. पोरीची फी तटली तवा बोललो. पावण्यांच्या म्होरं बोललो, लोकांची मोटर बघायची अक्कल हाय, सवताचा हात संबाळायची न्हाय. एकदा बी म्हटले न्हाईत की मी लावला हुता म्हणून. एकदा बी न्हाय, भाऊजी."

मी काहीतरी म्हणायला गेलो. त्यांनी हातानं गप्प केलं.

"त्या दिवशी सकाळी बी. सदऱ्याचं बटण लागंना ह्यांस्नी. बोटात गावतच न्हवतं. गाडीची येळ झालती. मी चुलीकडचं टाकून आलो आन् बटण लावता लावता बोललो. तेच. बल्बाचं. मग गेले ते."

मग त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तुमी मोकळं झालासा. आता मी कुणाला सांगू?"

मी म्हटलं, वहिनी, माफ करा. त्या म्हणाल्या, "माफीचं ऱ्हाऊ दे. त्या कागदावर ह्यांच्यावर ठपका हाय न्हवं, त्यो काढा. त्यो काढलासा की या. न्हाईतर येऊ नगासा." त्या उठल्या आणि आत गेल्या. मी चपला घातल्या आणि बाहेर पडलो.

आज सकाळी कॉलेजात लेखी दिलं. जे घडलं ते, माझ्या नावानं. प्राचार्यांनी दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "अहो, तो माणूस आता राहिला नाही. उकरून काय मिळणार? हे मी बघितलंच नाही असं समजू का?" मी म्हटलं, आवकमध्ये नोंद करा आणि मला पोच द्या. पोच मिळाली. आता चौकशी होईल, नोकरीचं जे व्हायचं ते होईल. बायको सकाळपासून माझ्याशी बोललेली नाही. तू म्हणाला होतास ते दुसरं घर आता कदाचित बसेलही. मला त्याची भीती वाटते. नाही म्हणून शूर बनण्यात अर्थ नाही. उद्या पोचेची प्रत घेऊन वहिनींकडं जायचं आहे, आणि दार उघडेपर्यंत मला काही माहीत नाही.

पण मिलिंद, मला तुझा राग येतोय. मेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात, तरी येतोय. तू मला नोकरी वाचवायला म्हणून एक खोटं दिलंस, एका महिन्यासाठी. तुला वाटलं होतं हात येईल आणि विषय संपेल. नाही आला, तेव्हा तरी ते खोटं परत घ्यायचं होतंस. माझ्याकडून नाही तर निदान स्वतःच्या घरात. तू स्टँडवर माझ्यासमोर कप आपटलास, पण घरी रोज ताटावर काय ऐकतोस ते कधी बोलला नाहीस. आणि मीही विचारलं नाही. तीन वर्षं येत-जात होतो, वहिनींच्या हातचं जेवत होतो, घास सांडताना बघत होतो, आणि तुला एकदाही विचारलं नाही की घरी तुझी बाजू कोण घेतं.

काल रात्रीपासून मला ती सकाळच दिसते. तू दारात उभा आहेस, गाडीची वेळ झाली आहे, वहिनी तुझ्या सदऱ्याचं बटण लावत बोलतायत. त्यांचा चेहरा तुझ्यापासून वीतभर लांब होता. 'मी बल्ब लावला होता' एवढंच तुला म्हणायचं होतं. तू ते माझ्यासाठी गिळलंस, आणि गाडी पकडायला गेलास.